बारकीचा टाक

परभणी, गुरुवार, १९ सप्टेंबर २०२४
दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटे

ती. आबासाहेब मामा,
महारुद्रचा नमस्कार.

कुणा दादांच्या वाढदिवसाचा मोठा फ्लेक्स छापत होतो. अर्ध्यावर लाइट गेली. दादांचा चेहरा नाकापर्यंतच बाहेर आला आहे. लाइट येईपर्यंत आदिनाथ शेठ मला दुसरे काम सांगू शकत नाहीत, म्हणून हे पत्र. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मामींच्या हाती निरोप दिला तर त्या त्यांना आवडेल तेवढाच सांगतात.

आई गेल्यापासून पेडगावचे घर मी दर रविवारी उघडतो, झाडतो आणि पुन्हा बंद करतो. हे असे किती दिवस चालणार? या महिन्यात सामान हलवायचे ठरवले आहे. भांडी सविताताई बोरीला नेणार. पितळी मूर्ती शेजारच्या सगुणाबाईंनी मागितल्या, दिल्या. देव्हाऱ्यात आता फक्त चांदीच्या पत्र्यावर उठवलेले पाच टाक आहेत. खंडोबाचा, भवानीचा, आजोबांचा, वडिलांचा, आणि पाचवा त्या लहान बाईचा, जिला आई 'बारकी' म्हणायची. ही कोणती देवी, असे मी लहानपणी विचारले तर 'आपलीच हाय' एवढेच म्हणायची. धुताना तिला सगळ्यांच्या आधी धुवायची.

मी देव मानत नाही हे तुम्हाला माहीत आहे. आईच्या आजारात मी रोज पूजा केली ती आईने सांगितली म्हणून. ती वाचली नाही म्हणून मी देवावर रुसलो, असे गावात बोलतात. तसे नाही. रुसायला समोर कोणीतरी असावे लागते. मी त्याच्या आधीपासूनच मानत नव्हतो. रोज खोटी पूजा करणे मला जमणार नाही, आणि तसेच ठेवले तर देव उपाशी ठेवले असे तुम्हीच म्हणाल. म्हणून टाक सराफाकडे मोडायला देऊन ताईच्या छकुलीला भाऊबीजेला पैंजण करावेत असा विचार आहे. ती आता भिंतीला धरून उभी राहते.

आईच्या माहेरचे वडीलधारे आता तुम्हीच, म्हणून विचारतो. हरकत असेल तर कारण लिहा. कारण पटले तर मी टाक मोडणार नाही, हा शब्द.

तुमचा
महारुद्र


पूर्णा, २६ सप्टेंबर

चि. महारुद्र,
मामाचा आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या मामीनं चुलीपुढं बसून ऐकलं. मी वाचलं, तिनं ऐकलं. मंग ती उठून पाणी आणायला गेली, रांजण भरलेला असताना.

टाक मोडू नको. तुझ्या आईनं, सरजाक्कानं, ते तळहाताच्या फोडावानी जपले. तू कारण मागायलास. मी सातवी शिकलेला माणूस, पर सांगतो.

मी तीस वर्षं रेल्वेत चाबीवाला होतो. पहाटं हातोडा घेऊन निघायचं, रूळ आवळून धरणाऱ्या लोखंडी चाब्या बघत जायचं, ढिली दिसली की ठोकायची. गाडीत बसलेल्याला वाटतं गाडी आपोआप पळायलीय. न्हाई बाबा. एकेक चाबी कुणीतरी ठोकलेली असती. एवढ्या लोखंडाला माणूस लागतो, तर चंद्र-सूर्य बिनामाणसाचे चालतेत व्हय? तिकडं बी एक चाबीवाला हाय. दिसत न्हाई म्हणून न्हाई असं कसं? मी तरी कुण्या पॅसिंजराला दिसलो?

आनि दुसरं. आपले बाप, आजे, पंजे, सगळे हात जोडत आले. ते सगळे खुळे आनि तू एकटा शाना?

मामी म्हणती, पोराला म्हणावं टाक पाण्यात बी सोडू नको, मोडू बी नको, हायेत तसे राहू दे. मामीला जरा बरं न्हाई. पोटात दुखतंय. ते असू दे.

आबासाहेब


परभणी, मंगळवार, १ ऑक्टोबर

ती. मामा,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. चाबीवाल्याचा मुद्दा चांगला आहे, पण तो टिकत नाही. का, ते लिहितो.

रूळ माणसाने टाकले हे आपल्याला रूळ पाहून कळले नाही. रूळ टाकणारी माणसे आपण पाहिली म्हणून कळले. तुम्ही स्वतः त्यांच्यातले. चंद्र टाकणारी टोळी कोणी पाहिली? नदी पाहून कोणी म्हणत नाही की ही गुत्तेदाराने खोदली. आणि प्रत्येक वस्तूला करणारा लागतोच, तर त्या चाबीवाल्याला कोणी केले? त्याला कोणी लागत नाही म्हणाल, तर मग जगालाच कोणी लागत नाही असे म्हणायला काय हरकत आहे? एक पायरी वाचते.

आणखी एक. तुमच्या हद्दीत तीस वर्षांत एकही डबा घसरला नाही, हे आई अभिमानाने सांगायची. ज्याच्या हद्दीत रांगती लेकरे तापाने मरतात, तो चाबीवाला रेल्वेत असता तर पहिल्याच महिन्यात घरी बसवला असता. असा कोणी असेल तर तो कामावर येत नाही. आणि कामावर न येणारा आणि नसणारा यांत मला फरक करता येत नाही.

बापजाद्यांचे म्हणाल, तर जास्त माणसे म्हणतात म्हणून गोष्ट खरी होत नाही. आमच्याकडे शंभर गिऱ्हाइकांतले नव्वद 'शुभेच्छुक' चुकीचा लिहून आणतात. मी दुरुस्त केला तर भांडतात, की सगळ्या गावात असाच आहे. मी आजोबांना खुळा म्हणत नाही. त्यांना जे सांगितले ते त्यांनी धरले. मला विचारायला वेळ मिळाला, एवढेच.

मामींना दवाखान्यात दाखवा. अंगावर काढू नका.

महारुद्र


पूर्णा, ७ ऑक्टोबर

चि. महारुद्र,

तुझं पत्र मी ह्या खेपेला मामीला वाचून दाखवलं न्हाई. डोळे दुखायलेत म्हणालो.

तू लिहितूस बरं. वकील झाला असतास. तुझा बाप अवकाळी गेला आनि तुझी बारावी राहिली, न्हाईतर झालाच असतास. पर लेकरा, वकिलाला समोरच्या माणसाचं काय जळतंय ते दिसत न्हाई.

देवाचं भ्या न्हाई राहिलं तर माणूस माणसाला खाईल का न्हाई? मंग चोरी कामून करायची न्हाई, म्हाताऱ्या आईला कामून सांभाळायचं?

आनि समज, देव न्हाईच. मंग रोज तांब्याभर पाणी आनि बोटभर गंध, ह्यात तुझं काय जायलंय? असला तर भलं झालं, नसला तर पाणीच गेलं ना? पाच टाक हातावर मावतेत. त्यांना जागा तरी किती लागती?

ते मी इकडं घेऊन आलो असतो. पर ते तुझ्या बापाच्या कुळाचे देव. बहिणीच्या सासरचे देव भावाच्या घरात चालत न्हाईत. भावकी दारात येईल.

थांब जरा. मी तुला अजून एक कारण सांगणार हाय. लिहायला बसलो की पेन चालत न्हाई. सवड होऊ दे.

आबासाहेब


परभणी, शुक्रवार, ११ ऑक्टोबर

ती. मामा,

उद्या दसरा. दुकानात श्वास घ्यायला वेळ नाही, तरी उत्तर राहू नये म्हणून जेवणाच्या सुट्टीत लिहितो.

भीतीचे: तुम्ही पावसात, पहाटे, एकटे चाब्या ठोकत होता. वर साहेब नव्हता. एखादी सोडली असती तर कोणाला कळले नसते. तेव्हा देवाच्या भीतीने ठोकत होता, की गाडीत माणसे आहेत म्हणून? मला वाटते माणसे आहेत म्हणून. मी आईचे अंथरूण धुतले तेव्हा मला कोणाची भीती नव्हती.

तांब्याभर पाण्याचे: पाणी जात नाही, मी जातो. रोज सकाळी जे खरे वाटत नाही त्यापुढे हात जोडायचे, म्हणजे दिवसाची सुरुवात खोटे बोलून करायची. देव असलाच तर अशा नफा-तोटा पाहून केलेल्या नमस्काराने तो फसेल का? आणि आईने मनापासून जे केले त्याची नक्कल करणे हा आईचा अपमान वाटतो. तुम्हाला मी उद्धट वाटेन. मी फार विचार करून लिहीत आहे. रात्री झोप येत नाही इतका.

तुमचे उरलेले कारण मला हवे आहे, हे मनापासून सांगतो. पण सराफाला पैंजण घडवायला आठ-दहा दिवस लागतात आणि भाऊबीज ३ नोव्हेंबरला आहे. म्हणून २० तारखेपर्यंत थांबतो. तोवर पत्र आले तर टाक सुरक्षित आहेत असे समजा. नाही आले तर तुमच्याकडे कारण उरले नाही असे मी समजेन.

महारुद्र


परभणी, मंगळवार, २२ ऑक्टोबर

ती. मामा,

तुमचे पत्र आले नाही. २० तारखेला रविवार होता, म्हणून मी आणखी एक दिवस टपालाची वाट पाहिली. काल संध्याकाळी पाचही टाक सराफाकडे दिले. त्याने माझ्यासमोर वजन केले आणि माझ्यासमोरच मुशीत टाकले. मी शेवटपर्यंत उभा होतो. आधी खंडोबा वितळला. बारकी सगळ्यात पातळ होती, तरी का कोण जाणे, शेवटी गेली.

मला जिंकल्यासारखे वाटले नाही, हे लिहून ठेवतो. तुम्ही रागावू नका. भाऊबीज झाली की पूर्णेला येऊन जाईन. मामींची तब्येत कळवा.

महारुद्र


पूर्णा, २७ ऑक्टोबर

महारुद्र,

आमी पंधरा दिवस नांदेडच्या दवाखान्यात होतो. काल घरी आलो. दाराच्या फटीतून टाकलेली तुझी दोन पत्रं एकावर एक पडलेली होती. मी आधी वरचं उघडलं. ते नंतरचं होतं.

आता कारण सांगतो. आता त्याचा उपयोग न्हाई, म्हणून पेन चालायलंय.

सविता व्हायच्या आधीची गोष्ट. आमाला पोरगी झाली होती. राजेश्री. अकरा महिन्यांची झाली. भिंतीला धरून उभी राहायची, पाऊल टाकायचं मनात आलं की खाली बसायची आनि हसायची. चालायला लागायच्या आत तापात गेली. वर्षानं मी टाक करून आणला. माझा बाप म्हणाला, पोरीचा टाक कुठं करतेत व्हय? ती कुळाला लागत न्हाई. देव्हाऱ्यात ठेवू दिला न्हाई. तुझी मामी तो टाक पदरात बांधून महिनाभर फिरली. मंग सरजाक्का म्हणाली, मला दे. तिला सासू न्हवती, अडवणारं कुणी न्हवतं. तुझा बाप भला माणूस, त्यानं जागा करून दिली. तवापासून राजी तुमच्या घरी. मामी दर सणाला पेडगावला कामून यायची, ते आता तुला कळंल.

बाप मेल्यावर आमी तिला परत मागितली. सरजाक्का म्हणाली, आता तिला माझ्या हाताची सवय झाली.

पहिल्या पत्रातच लिहायला पाहिजे होतं. पोरीचा टाक करणारा बाप म्हणून लोक हसले होते, ती लाज म्हातारपणी बी जात न्हाई. आनि एकच टाक मागितला तर तू कामून म्हणून विचारशील. मला वाटलं देवाच्या नावावर पाची वाचतील, त्यात ती बी वाचंल. तू लिहिलंस, ज्याच्या हद्दीत रांगती लेकरं मरतेत. मी ते वाचलं आनि पत्र उशाखाली घातलं. तुझं बरुबर हाय. मी बी तवा तेच म्हणालो होतो.

मामीचं पोटातलं लय वाढलंय. डाक्टरनं घरी न्या म्हणून सांगितलं. ती एकच म्हणायलीय, राजीला आणा, एकदा मी धुते. तिला मी अजून सांगितलं न्हाई. तिची नजर कमी झालीय. तसलाच एक टाक करून आण. खोटं बोलायला लावायलोय, मला माहीत हाय. तुझ्याशिवाय दुसरं कुणी न्हाई.

आबासाहेब


परभणी, मंगळवार, ५ नोव्हेंबर

ती. मामा,

पत्र मिळाले त्याच दुपारी सराफाकडे पळत गेलो. पैंजण तयार होते. पाचांची चांदी एकात गेली. तो म्हणाला, पाण्यात पाणी घातल्यावर वेगळे कसे काढू? भाऊबीजेला बोरीला गेलो आणि ते छकुलीच्या पायात घातले. ताईला अजून काही सांगितलेले नाही. ती म्हणाली, "काय रे, ओवाळताना डोळ्यांत पाणी कशाला? आई आठवली का?" मी हो म्हणालो. ती भिंत सोडून दोन पावले चालली. मी छकुलीबद्दल लिहीत आहे.

टाक घडवायला टाकला होता, तो काल मिळाला. बाईची आकृती तशीच सांगितली, हात जुळलेले, डोक्यावर पदर. पण नवा टाक नवाच दिसतो. नाक टोकदार, डोळे रेखीव. जुन्या बारकीला नाक उरलेच नव्हते. आईचा अंगठा रोज तिच्या तोंडावरून फिरायचा.

म्हणून आजपासून मी रोज सकाळी दुकानाला जाण्याआधी तो राख आणि चिंचेने घासणार आहे. मग धुवायचा, पुसायचा, गंध लावायचे, म्हणजे खाचांत डाग बसतील. आज एकदा केले. खोलीतला मित्र सिद्धोधन अंथरुणातून पाहत होता. म्हणाला, "काय नास्तिकराव, पूजा चालू केली का?" मी म्हणालो, "पॉलिश करतोय." तो म्हणाला, "फरक काय?" एरवी मी त्याला फरक सांगितला असता.

मामींना सांगा, राजीला घेऊन येतो. १७ तारखेच्या रविवारी.

महारुद्र


पूर्णा, ४ डिसेंबर

चि. महारुद्र,

मामीचे दिवस झाले. तू मातीला आलास, खांदा दिलास, पर बोलणं झालं न्हाई.

तू टाक आणून दिल्यापासून मामी रोज त्याला धूत होती. शेवटचे दोन दिवस हात उचलंना, तवा मी धुवायचो आनि ती बघायची. तिला काही कळलं न्हाई. समाधानानं गेली. हे तुझे माझ्यावर उपकार झाले.

आता घरात मी आनि राजी. गाडी गेली की टाक ताटलीत वाजतो. मला तो आवाज कानानं येत न्हाई, बोटाला कळतो. मला एक घोर लागलाय. माझ्या मागं हिला कोण धुणार? आनि वर्षानं मामीचा बी टाक होईल. तुझं म्हणणं मला माहीत हाय. म्हणून जोर करत न्हाई, विचारतो.

खर्च किती झाला ते कळव. लपवू नको.

आबासाहेब


परभणी, बुधवार, ११ डिसेंबर

ती. मामा,

मातीच्या दिवशी मला तुमच्याशी बोलायचे होते. पण तुम्हाला सांगायचे म्हणजे ओरडून सांगावे लागते, आणि घर माणसांनी भरलेले होते. म्हणून आता लिहितो. मामी असेपर्यंत सांगणार नाही असे मी त्यांना कबूल केले होते.

१७ नोव्हेंबरला मी टाक त्यांच्या हातात दिला आणि तुम्ही दूध आणायला बाहेर गेलात. त्यांनी तो पाहिला नाहीच. डोळे मिटून कडेवरून बोट फिरवले, एकदा पूर्ण, मग पुन्हा एकदा. मग म्हणाल्या, "महारुद्र, तुझा दात कुठं हाय?"

मला समजले नाही. तेव्हा त्यांनी सांगितले. मी लहान असताना देव्हाऱ्यापर्यंत रांगत गेलो आणि बारकीला तोंडात घालून चावलो. माझे नवे दात येत होते. पातळ चांदीवर खूण उमटली. आई हसून म्हणाली होती, भाऊ बहिणीला चावला. ती खूण मामी प्रत्येक सणाला बोटाने शोधायच्या.

मी सगळे सांगितले. तुमच्याशी केलेले वाद, २० तारीख, सराफ, राख, चिंच. त्या ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "मी हाय तवर ह्यांना म्हणू नको मला कळलं म्हणून. मला कळलं न्हाई असं वाटून ह्यांना बरं वाटायलंय. तेवढं तरी राहू दे."

मग त्यांनी विचारले, "मंग माझ्या राजीची चांदी कुठं गेली?"

मी म्हणालो, "सविताताईच्या छकुलीच्या पायात."

त्या बराच वेळ टाकावर अंगठा फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "मंग चालायलीय म्हण की."

मामा, या वाक्याला माझ्याकडे उत्तर होते. चांदी म्हणजे माणूस नव्हे, हे मी तुम्हाला एका ओळीत सिद्ध करून दिले असते. तेवढ्यात तुम्ही दूध घेऊन आलात आणि मामींनी पदर सारखा करून टाक कपाळाला लावला, जणू तीच आहे.

मी आजही देव मानत नाही. त्या दिवशी मला काही दिसले नाही, काही मिळाले नाही. जे चुकले ते देवाच्या बाबतीत चुकले असे मला वाटत नाही. तुम्ही गप्प होता तेव्हा तुमच्याकडे कारण उरले नाही असे मी धरले, ते चुकले. ते मला आयुष्यभर पुरेल.

तुमच्या घोराचे उत्तर: राजीला आणि वर्षानंतर मामींना माझ्याकडे पाठवा. लगेच नको. तुमचे हात चालतात तोवर त्या तुमच्याकडे. मी रोज धुईन. मला मानणे जमत नाही, धुणे जमते.

खर्च विचारलात म्हणून लिहितो. नव्या टाकाची चांदी आठशे तीस, घडणावळ अडीचशे, पूर्णेचे जाण्यायेण्याचे साठ. अकराशे चाळीस. हे मी केले, तुम्ही पाठवू नका. पैंजणांची घडणावळ सहाशे होती, त्यातले तीनशे सराफाला देणे आहे, पगार झाला की देईन.

जुना टाक देणे आहे. तो कोणाला आणि कसा द्यायचा, हे मला माहीत नाही.

महारुद्र